विश्लेषण : उन्हात पाणी साफ करणारी नॅनो भुकटी, तारापूरच्या सांडपाण्यावर तिची परीक्षा कशी घ्यायची?

सफाळे : सफाळ्याहून डहाणूच्या दिशेने निघाले की केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग चौथे स्थानक बोईसर. सकाळच्या गाडीत डबा घेऊन बसलेल्यांपैकी बरेच जण तिथे उतरून तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीला जातात. याच रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला दातिवरे, एडवणपासून वर सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडीपर्यंत मासेमारीची गावे आहेत. पगार वसाहतीतून येतो आणि वसाहतीचे पाणी समुद्रात जाते. त्यामुळे ‘सांडपाण्यातले रसायन सूर्यप्रकाशात नष्ट करणारा नॅनो पदार्थ’ अशी बातमी मोबाइलवर आली, की या पट्ट्यात ती जरा जास्तच फॉरवर्ड होते.

बातमीसोबत बहुधा दोन बाटल्यांचा फोटो असतो. डावीकडे गडद निळे पाणी, उजवीकडे नितळ. यामागचे विज्ञान खरे आहे आणि पन्नास वर्षे जुने आहे. पण त्या फोटोवरून सांडपाणी स्वच्छ झाले असे म्हणता येत नाही. उद्या असा पदार्थ तारापूरच्या प्रक्रिया केंद्रात वापरायचा प्रस्ताव आला, तर तो तपासण्याची चांगली रीत याच वसाहतीतल्या औषध उद्योगाला चांगली ठाऊक आहे. तिचे नाव क्रॉसओव्हर चाचणी, म्हणजे अदलाबदल करून घेतलेली चाचणी.

तारापूरचा प्रश्न किती मोठा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना हवा, पाणी आणि जमीन यांच्या प्रदूषणावरून शंभरपैकी गुण देते. इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. ७० च्या वर गेले की तो पट्टा ‘अतिप्रदूषित’. २०१८ च्या मोजणीत तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि देशातल्या १०० पट्ट्यांत तारापूर पहिले आले. कोणाला नको असलेला हा पहिला नंबर.

वसाहतीतले कारखाने औषधे, रंग, रसायने, कापड, पोलाद असे नाना प्रकारचे आहेत. त्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात येते आणि प्रक्रियेनंतर नवापूरच्या किनाऱ्याकडून समुद्रात सोडले जाते. जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला २.५ कोटी लिटर. येणारे पाणी त्याहून जास्त, ही तक्रार अनेक वर्षांची. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराच्या आसपास उद्योगांना आणि प्रक्रिया केंद्राला कोट्यवधी रुपयांची भरपाई भरायला सांगितली.

अशा ठिकाणी नवा उपाय म्हटला की त्यामागे पैसा असतो, घाईही असते. म्हणूनच उपाय चालतो की नाही हे ठरवण्याची पद्धत आधी ठरलेली बरी.

भुकटी काम कशी करते?

१९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक निरीक्षण नोंदवले. टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युताग्रावर अतिनील प्रकाश टाकला की पाण्याचे विघटन होते. टायटॅनियम डायऑक्साइड हा काही दुर्मीळ पदार्थ नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगात तो असतो, सनस्क्रीनमध्येही असतो.

त्याचा कण प्रकाश शोषतो तेव्हा कणातला एक इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या पातळीवर जातो आणि मागे धन भाराची रिकामी जागा ठेवतो. ही जागा कणाला चिकटलेल्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. हा इतका आक्रमक असतो की जवळ येईल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडतो. रंग, फिनॉल, औषधांचे अवशेष यांचे तुकडे होत होत शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरावे, अशी अपेक्षा असते. भुकटी स्वतः खर्च होत नाही, म्हणून ती उत्प्रेरक. कण नॅनो आकाराचा घेतात, कारण तेवढ्याच वजनात पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो आणि सारा व्यवहार पृष्ठभागावरच चालतो. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘पी-२५’ या भुकटीचा कण साधारण २० ते २५ नॅनोमीटरचा असतो.

अडचण प्रकाशाची आहे. या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला उडी मारायला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरीतच, म्हणजे अतिनील प्रकाशातच असते. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात त्याचा वाटा जेमतेम ५ टक्के. उरलेले ऊन या कामाच्या दृष्टीने वाया जाते. म्हणून नायट्रोजन मिसळून किंवा दुसरे अर्धवाहक जोडून दृश्य प्रकाशावर चालणारे पदार्थ बनवण्याचे प्रयत्न गेली दोन-अडीच दशके सुरू आहेत. ‘नवा नॅनो पदार्थ’ अशा बहुतेक बातम्या याच प्रयत्नांतून येतात.

आणखी एक साधी गोष्ट. वसाहत तीन पाळ्यांत चालते, सांडपाणी रात्रीही येते. प्रकाश-उत्प्रेरकाला रात्रपाळी करायची तर दिवे लावावे लागतात आणि मग विजेचे बिल ‘सूर्यप्रकाशावर चालणारे’ या विशेषणाची मजा घालवते. जून ते सप्टेंबरचे पालघरचे आभाळ तर सांगायलाच नको.

रंग गेला म्हणजे रसायन गेले का?

बाटल्यांच्या फोटोतले निळे पाणी बहुधा मिथिलीन ब्लूचे असते. हा रंग स्वस्त आहे, मोजायला सोपा आहे, म्हणून चाचणीसाठी तो जगभर वापरतात. त्याच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. मात्र त्याचा निळेपणा जायला तीन वाटा आहेत आणि त्यातली एकच आपल्याला हवी असते.

पहिली वाट : रंग भुकटीच्या कणांना नुसता चिकटून बसतो. पाणी नितळ दिसते, रसायन मात्र भुकटीवर जसेच्या तसे असते. दुसरी : मिथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे बिनरंगी रूप तयार होते. रेणू शाबूत, फक्त रंग लपलेला. हवा लागली की निळा परत येतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बाटली हलवून निळी करण्याचा जो खेळ दाखवतात तो हाच. तिसरी वाट म्हणजे रेणू खरोखर फुटणे. त्यातही तो अर्धवट फुटला तर मधले तुकडे उरतात आणि ते मूळ रसायनापेक्षा बरे असतीलच असे नाही.

वर मिथिलीन ब्लू स्वतःच लाल प्रकाश शोषतो आणि त्या ऊर्जेने स्वतःच बिघडतो. त्यामुळे दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या नव्या पदार्थाची परीक्षा याच रंगावर घेतली, तर श्रेय कोणाचे हे कळत नाही.

म्हणून पाहायचा तो आकडा वेगळा. पाण्यातले सेंद्रिय द्रव्य जाळून टाकायला रासायनिक रीतीने किती ऑक्सिजन लागतो तो, म्हणजे सीओडी. किंवा पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला तो. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. कोणत्याही दाव्यासोबत हा आकडा नसेल आणि फक्त ‘९८ टक्के रंग गेला’ असे लिहिले असेल, तर वाचणे तिथेच थांबवायला हरकत नाही.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतले पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी २००४ मध्ये सांडपाण्याच्या अशा ऑक्सिडीकरण पद्धतींचा एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. प्रकाश-उत्प्रेरण, ओझोन, फेंटन, द्रवातल्या बुडबुड्यांच्या फुटण्यातून मिळणारी ऊर्जा, सगळे त्यात होते. प्रयोगशाळेतले यश आणि कारखान्यातले खरे सांडपाणी यांच्यातली दरी त्यांनी तेव्हाच दाखवली होती. खऱ्या सांडपाण्यात क्षार असतात, बायकार्बोनेट असते. हे दोन्ही हायड्रॉक्सिल रॅडिकलला वाटेतच गाठून संपवतात. शिवाय काळपट गढूळ पाण्यात प्रकाश फार खोल शिरतच नाही. डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलेला एकच रंग आणि वीस प्रकारच्या कारखान्यांचे मिसळलेले पाणी, ही तुलनाच होऊ शकत नाही.

औषध उद्योगाची रीत कोणती?

जेनेरिक गोळी मूळ ब्रँडच्या गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे तपासताना निरोगी स्वयंसेवकांचे दोन गट करतात. चिठ्ठ्या टाकून. एक गट आधी जेनेरिक घेतो, मग काही दिवस थांबून ब्रँडची. दुसरा गट उलट्या क्रमाने. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. त्यामुळे कोण जाडा, कोण बारीक, कोणाचे यकृत जोरात काम करते, हे फरक हिशेबातून गळून पडतात. मधल्या थांब्याला वॉशआउट म्हणतात. औषध शरीरातून निघून जाईल इतका, म्हणजे औषधाचे निम्मे प्रमाण उरायला जितका वेळ लागतो त्याच्या किमान पाचपट तो ठेवतात. दोन्हींच्या प्रमाणाचा ९० टक्के विश्वासाचा पट्टा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसला, तरच गोळी पास.

आता माणसाच्या जागी सांडपाण्याचा हौद ठेवा.

समजा, दोन हौद आहेत. दोन्हींत एकाच वाहिनीतून पाणी येते. पहिल्या आठवड्यात पहिल्या हौदात भुकटी आहे, दुसऱ्यात नाही. पुढच्या आठवड्यात उलट. सीओडी किती टक्के घटला ते मोजले. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत : पहिल्या आठवड्यात पहिला हौद ४६ टक्के, दुसरा ३०. दुसऱ्या आठवड्यात पहिला हौद (आता भुकटीविना) १४ टक्के, दुसरा (भुकटीसह) २२.

विकणारा फक्त पहिला हौद दाखवेल. भुकटी होती तेव्हा ४६, नव्हती तेव्हा १४. फायदा ३२ टक्के! आकडे खोटे नाहीत. विरोधक दुसरा हौद दाखवेल. भुकटीविना ३०, भुकटीसह २२. म्हणजे ८ टक्के नुकसान. हेही आकडे खरेच.

दोघांनी लपवलेली गोष्ट अशी, की पहिल्या आठवड्यात कडक ऊन होते आणि दुसऱ्यात ढग. दोन्ही हौदांची सरासरी पहिल्या आठवड्यात ३८ आणि दुसऱ्यात १८. हा २० टक्क्यांचा फरक आठवड्याचा आहे, भुकटीचा नाही. तो काढायचा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. प्रत्येक हौदासाठी ‘पहिला आठवडा वजा दुसरा आठवडा’ करा. पहिल्या हौदाचे ३२, दुसऱ्याचे ८. दोहोंतला फरक २४. त्याचे निम्मे, म्हणजे १२. भुकटीचा परिणाम १२ टक्के.

तारापूरसाठी हे महत्त्वाचे आहे, कारण इथे दोन आठवडे सारखे नसतात. कोणता कारखाना कोणती बॅच काढतो, कोणाचे बॉयलर बंद आहे, पाऊस पडला की नाही, यावर येणारे पाणी बदलते. ‘आधी असे होते, आता असे आहे’ या धर्तीवर दिलेला कोणताही अहवाल या बदलांचे श्रेय किंवा खापर भुकटीच्या माथी मारतो.

मागचे काही उरले असेल तर?

क्रॉसओव्हर पद्धतीचे दुखणे इथे आहे. पहिल्या आठवड्यातली भुकटी हौदाच्या भिंतीला, तळाच्या गाळाला चिकटून राहिली, तर दुसऱ्या आठवड्यातला ‘भुकटीविना’ हौद प्रत्यक्षात भुकटीविना नसतोच. मग फरक कमी दिसतो आणि चांगला पदार्थही मार खातो.

उलटही होऊ शकते आणि ते जास्त वाईट. हे उत्प्रेरक जंतुनाशकही असतात. प्रक्रिया केंद्रातले निम्मे काम जिवाणू करतात, तेच फुकट सीओडी कमी करत असतात. पहिल्या आठवड्यात भुकटीने त्यांना मारले, तर दुसऱ्या आठवड्यात भुकटी काढल्यावर हौदाची कामगिरी एकदम घसरेल. कागदावर मात्र दिसेल ते असे : भुकटी होती तेव्हा उत्तम, काढली की वाईट. म्हणजे ज्याने नुकसान केले त्यालाच शाबासकी.

या उरलेल्या परिणामाची तपासणी आकडेवारीतूनच करावी, असा मार्ग १९६५ मध्ये अमेरिकी सांख्यिकीतज्ज्ञ जेम्स ग्रिझल यांनी सुचवला. आधी उरलेला परिणाम आहे का ते तपासा. नसेल तर दोन्ही टप्प्यांचे आकडे वापरा. असेल तर दुसरा टप्पा सोडून द्या आणि फक्त पहिल्यावर निकाल लावा. ऐकायला हे इतके शहाणपणाचे वाटते, की दोन दशकांहून अधिक काळ ते पाठ्यपुस्तकांत राहिले.

१९८९ मध्ये पी. आर. फ्रीमन यांनी गणित मांडून दाखवले, की ही दोन पायऱ्यांची पद्धत फसवी आहे. ५ टक्के चुकीची जोखीम धरून सुरुवात केली, तरी शेवटी खरी जोखीम त्याहून बरीच जास्त निघते. कारण पहिली पायरीच कमकुवत आहे. वरच्याच उदाहरणात पाहा. उरलेला परिणाम शोधायला प्रत्येक हौदाच्या दोन आठवड्यांची बेरीज करतात. पहिल्या हौदाची ६०, दुसऱ्याची ५२. हा ८ चा फरक उरलेल्या भुकटीमुळे आहे, की पहिला हौद मुळातच उथळ आणि उन्हात आहे म्हणून? बेरजेवरून ते सांगता येत नाही. प्रत्येक हौदाची स्वतःशी तुलना करण्याचा जो फायदा होता, तो या पायरीवर हातचा जातो.

फ्रीमन यांच्यानंतर स्टीफन सेन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी घेतलेली भूमिका सरळ आहे, आणि तारापूरलाही तीच लागू करावी. उरलेला परिणाम नंतर संगणकावर शोधत बसू नका, तो होणारच नाही अशी चाचणी आखा. हौद रिकामा करा, घासा, गाळ काढा, जिवाणूंची नवी वाढ होऊ द्या आणि मग दुसरा टप्पा सुरू करा. धुतलेल्या हौदाच्या पाण्यात टायटॅनियम किती उरले ते मोजून लिहून ठेवा. यात दोन-तीन आठवडे जातील. जाऊ देत.

याच कारणाने काही ठिकाणी ही चाचणी घेताच येत नाही. दमा किंवा रक्तदाब यांसारख्या, औषध थांबवले की मूळपदावर येणाऱ्या दुखण्यांसाठी क्रॉसओव्हर ठीक. कायमचे बरे होणाऱ्या रोगासाठी नाही. तसेच गावतळ्याचे. तळ्यात एकदा भुकटी टाकली की ती गाळात बसते, तळे काही ‘धुऊन’ परत पूर्वीसारखे करता येत नाही. तिथे वेगवेगळी तळी निवडून काहींत टाकायची, काहींत नाही, असाच मार्ग उरतो. खाडीत किंवा नवापूरच्या समुद्रात तर कोणतीच चाचणी नको.

दोन हौद पुरेत का?

नाही, आणि हे समजायला सूत्र लागत नाही. भुकटी पूर्ण निरुपयोगी आहे असे धरा. दोन हौदांपैकी कोणत्याला आधी द्यायची हे नाणे उडवून ठरले. निकाल भुकटीच्या बाजूने दिसण्याची शक्यता निम्मी, निव्वळ नशिबाने.

चार हौदांतून दोन निवडायचे ६ मार्ग आहेत. सहांतून तीन निवडायचे २०. आठांतून चार निवडायचे ७०. सहा हौद घेतले, चिठ्ठ्या टाकून तिघांना आधी भुकटी दिली आणि निकाल शक्य तितका भुकटीच्या बाजूने लागला, तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता २० पैकी १, म्हणजे ५ टक्के. संशोधनात ज्या ‘पी-व्हॅल्यू’चा इतका बोलबाला असतो, ती हीच. आठ हौद असतील तर हाच आकडा ७० पैकी १. म्हणून आठ हौदांखाली बोलणीच करू नयेत. हौद मोठे असायची गरज नाही, हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाक्याही चालतील.

इथे एक युक्ती सर्रास चालते. एकाच हौदातून दिवसाला सहा नमुने, आठवडाभर घेतले की ४२ नमुने झाले. अहवालात ‘४२ नमुन्यांवर आधारित’ असे लिहिले जाते. पण तो एकच हौद आहे. एकाच माणसाचा रक्तदाब ४२ वेळा मोजून औषध ४२ जणांना लागू पडले असे कोणी म्हणत नाही. १९८४ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी पर्यावरणशास्त्रातल्या या चुकीला नावच देऊन टाकले, खोटी पुनरावृत्ती. चाळीस वर्षे होऊन गेली, तरी अहवालांत ती भेटते.

प्रयोगशाळेतून केंद्रात

समजा, आठ हौदांच्या चाचणीत भुकटी पास झाली. पुढचा हिशेब वजनाचा आहे. प्रयोगशाळेत लिटरला १ ग्रॅम भुकटी हे नेहमीचे प्रमाण. जुन्या केंद्राचे दिवसाचे २.५ कोटी लिटर पाणी धरले, तर रोज २५ टन भुकटी पाण्यातून गाळून परत मिळवावी लागेल. इतक्या बारीक कणांची गाळणी सोपी नसते. समजा ९९ टक्के परत मिळाली. उरलेली १ टक्का, म्हणजे २५० किलो नॅनो भुकटी, रोज नवापूरच्या दिशेने जाईल. दातिवऱ्यापासून दांडीपर्यंत जे जाळी टाकतात त्यांनी विचारायचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे.

टायटॅनियम डायऑक्साइड हा निरुपद्रवी म्हणून ओळखला जाणारा पदार्थ. तरीही युरोपीय संघाने २०२२ मध्ये तो खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली, कारण त्याच्या सूक्ष्म कणांमुळे जनुकीय इजा होण्याची शक्यता नाकारता आली नाही. म्हणून भुकटीपेक्षा काचेवर किंवा सिरॅमिकवर पक्का बसवलेला लेप बरा, असे तज्ज्ञ म्हणतात. त्यात पृष्ठभाग घटतो, वेग कमी होतो. पण तो हौदातच राहतो.

लेपाचे यश आणि अपयश दोन्ही जगाने पाहिले आहे. २००१ पासून बाजारात असलेली स्वतः स्वच्छ होणारी खिडकीची काच याच तत्त्वावर चालते आणि व्यवस्थित चालते. तेच तत्त्व वापरून रस्त्याकडेच्या भिंतींना रंग लावून शहराची हवा शुद्ध करण्याची कल्पना निघाली. ब्रिटिश सरकारच्या हवा गुणवत्ता तज्ज्ञ गटाने २०१६ मध्ये उपलब्ध चाचण्या तपासल्या. असे रंग मोठ्या प्रमाणावर वापरून शहराच्या हवेतले नायट्रोजन ऑक्साइड कमी होतील याला पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रयोगशाळेतल्या बंद पेटीत तोच रंग उत्तम काम करत होता.

तारापूरसाठी या तंत्राची जागा बहुधा शेवटच्या पायरीवर आहे. जिवाणूंनी आपले काम केल्यावर, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ झाल्यावर, जी औषधांची आणि रंगांची चिवट द्रव्ये जिवाणूंना पचत नाहीत तेवढ्यांसाठी. काळ्या पाण्यावर भुकटी शिंपडून चमत्कार होईल असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. शेवटच्या पायरीसाठी आठ टाक्या आणि दोन महिने मागणाऱ्याचे मात्र ऐकून घ्यावे.

निविदेत काय असावे?

भारतात माणसांवरच्या औषध चाचणीची नोंद ती सुरू होण्यापूर्वी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’मध्ये करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नियामकांनी नोंदणी सक्तीची केली. काय मोजणार, किती जणांवर, किती दिवस, हे आधीच जाहीर झाल्याने नंतर सोयीचा हौद निवडून दाखवता येत नाही. सांडपाण्याच्या प्रयोगांवर तसे बंधन नाही. पण औद्योगिक विकास महामंडळ किंवा प्रक्रिया केंद्र आपल्या निविदेत तशी अट घालू शकते.

अट चार ओळींची आहे. वसाहतीचे खरे सांडपाणी, किमान आठ टाक्या, क्रम चिठ्ठ्या टाकून आणि मध्ये धुण्याचा थांबा. मोजायचा तो सीओडी आणि एकूण सेंद्रिय कार्बन, रंग नव्हे. अंधारात ठेवलेली भुकटी आणि भुकटीविना ठेवलेले ऊन, या दोन तुलना सोबत. बाहेर पडणाऱ्या पाण्यात टायटॅनियम किती, तो आकडा रोज. नमुने विक्रेत्याने काढायचे नाहीत. टाक्यांवर फक्त क्रमांक असावेत, म्हणजे मोजणाऱ्यालाही भुकटी कोणत्या टाकीत होती ते कळणार नाही. आणि चाचणीचा एक टप्पा मे महिन्यातल्या उन्हात झाला, तर दुसरी संपूर्ण चाचणी जुलैमध्ये, पाऊस धो-धो कोसळत असताना व्हावी. केंद्र त्या महिन्यांतही बंद नसते.